मांडी घालून बसणारा माणूस संगणकावर कसा घडवावा?

(मंडळाच्या अभ्यासिकेत सभासद व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बोटभर उंचीच्या मूर्ती संगणकावर घडविणे, त्यांना उभे करणे, बसविणे, वाकविणे, हा काय मंडळाच्या कार्यक्रमात बोलण्याचा विषय झाला, असे काहींना वाटले असेल. त्यातून बोलणारे आम्ही मराठी विषय घेऊन बी. ए. झालेले आणि बँकेत कारकुनी करणारे. परंतु गेले वर्षभर अभ्यासिकेतील आम्ही काही जण, त्यात दहावी-बारावीचे विद्यार्थीच अधिक, दर रविवारी संध्याकाळी ह्या उद्योगात आहोत. त्यात जे उमगले ते सर्वांपुढे ठेवावे, असे अध्यक्षांनी सुचविले, म्हणून उभे आहोत.

दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात आणि त्यावर बाजारातून आणलेले मावळे मांडतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. हे मावळे साच्यातून निघतात. शंभर मावळ्यांचा चेहरा एकच आणि उभे राहण्याची तऱ्हाही एकच. साचा करणे हे कौशल्याचे आणि खर्चाचे काम, म्हणून ज्याला गिऱ्हाईक आहे त्याचाच साचा होतो. शिपाई मिळतो, तोफ मिळते, वाघ मिळतो. आमच्या विद्यार्थ्यांना शाळेच्या प्रदर्शनासाठी आपल्या वस्तीचा देखावा करावयाचा होता. त्यांना हव्या होत्या नळावरच्या रांगेतील बाया, ओट्यावर उकिडवे बसून भांडी घासणारी आजी आणि मांडी घालून, मांडीवर वही घेऊन अभ्यास करणारी मुले. ह्या मूर्ती बाजारात नव्हत्या. तेव्हा त्या संगणकावर घडवून छापून घ्याव्यात, असे ठरले.

परदेशात हा उद्योग चांगला स्थिरावला आहे. तिकडे टेबलावर मांडून खेळावयाच्या खेळांत साधारण २८ ते ३२ मिलिमीटर उंचीच्या मूर्ती वापरतात. पूर्वी ह्या मूर्ती धातूच्या ओतीव असत, पुढे प्लास्टिकच्या आल्या, पण साच्याची अडचण तिथेही होतीच. २०१४ साली ‘हिरो फोर्ज’ नावाच्या अमेरिकन प्रकल्पाने लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून एक प्रोग्रॅम उभा केला. त्यात खेळणाऱ्याने आपल्या मूर्तीचा चेहरा, पोशाख, हातातील शस्त्र आणि उभे राहण्याची ढब पडद्यावर निवडायची, आणि ती मूर्ती त्रिमितीय छपाईने तयार होऊन घरी यायची. साचा नाही, त्यामुळे एकच मूर्ती हवी असली तरी चालते.

त्याहून जुना प्रयत्न म्हणजे ‘पोझर’. लॅरी वाइनबर्ग यांनी तो तयार केला आणि १९९५ साली फ्रॅक्टल डिझाइन या कंपनीने तो बाजारात आणला. चित्रकारांकडे लाकडी सांध्यांची एक बाहुली असते, तिला हवी तशी वाकवून ते चित्र काढतात. तीच बाहुली संगणकात आणावी, एवढीच मूळ कल्पना. आणखी मागे गेलो तर बोइंग या विमान कंपनीतील विल्यम फेटर यांनी १९६० च्या दशकात संगणकाकडून माणसाची रेखाकृती काढून घेतली होती. कॉकपिटमध्ये बसलेल्या वैमानिकाचा हात कुठपर्यंत पोचतो, हे त्यांना पाहावयाचे होते. संगणकाने रेखाटलेल्या अगदी सुरुवातीच्या माणसांपैकी हा एक. तो पुरुष होता, वैमानिक होता आणि आसनावर बसणारा होता. विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याच्याशी गाठ पडणार आहे.

आता प्रोग्रॅम आतून कसा चालतो ते सांगतो. आमच्यासारख्या कारकुनाला तो समजला, ह्याचे कारण तो बराचसा जमाखर्चासारखा आहे.

संगणकात मूर्तीचे चित्र नसते, नोंदी असतात. मूर्तीच्या पृष्ठभागावर काही हजार बिंदू घेतात आणि प्रत्येक बिंदूचे तीन आकडे लिहितात: डावीउजवीकडे किती, पुढेमागे किती, वर किती. तीन-तीन बिंदू जोडून त्रिकोण करतात आणि त्या त्रिकोणांची कातडी बनते. मूर्ती जाड करावयाची असेल तर जाड माणसाचे आकडे वेगळे ठेवलेले असतात. त्यातून मूळ माणसाचे आकडे वजा केले की फरक उरतो. पडद्यावरचा स्लायडर निम्म्यावर ठेवला तर निम्मा फरक मिळवायचा, पाव ठेवला तर पाव. व्याज आकारण्यापेक्षा ह्यात अवघड काही नाही. मात्र दोन्ही माणसांचे बिंदू संख्येने आणि क्रमाने तेच असावे लागतात. नाहीतर नाकाचा फरक कानाला लागायचा.

कातडीच्या आत हाडांचा सांगाडा असतो. खांद्याच्या हाताखाली कोपर, कोपराच्या हाताखाली मनगट, मनगटाखाली बोटे, अशी उतरंड असते. खांदा फिरला की खालचे सारे फिरते. बोट फिरले तर खांद्याला पत्ता नसतो. (बँकेतही असेच आहे, पण तो विषय आज नको.) मूर्तीची ‘पोझ’ म्हणजे कोणता सांधा किती अंशांत वळला, एवढीच यादी. मूळ मूर्तीला हात लावायचा नाही, पोझ वेगळ्या पानावर लिहायची, हा नियम फार मोलाचा आहे. एकाच मूर्तीच्या वीस पोझ ठेवता येतात आणि एखादी बिघडली तर पान फाडून टाकता येते. आमच्या विद्यार्थ्यांनी केलेला छोटा प्रोग्रॅम हेच करतो. एका तक्त्यात प्रत्येक ओळीला एक माणूस: नाव, उंची, जाडी, वय आणि सांध्यांचे कोन. तक्ता वाचला जातो आणि ओळीगणिक मूर्ती उभी राहते.

पण एकेक कोन हाताने भरणे कंटाळवाणे. बाईचा हात हंड्याच्या काठावर हवा असेल तर खांदा किती आणि कोपर किती, हे अंदाजाने किती वेळ ठरवणार? म्हणून उलटा हिशेब करतात. हात कुठे पोचला पाहिजे ते सांगायचे आणि कोन संगणकाने काढायचे. समजा दंड ३० सेंटिमीटर, कोपरापासून मनगटापर्यंत २५ आणि खांद्यापासून काठापर्यंतचे अंतर ४५. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू कळल्या, म्हणजे कोन ठरले. तीसचा वर्ग ९००, पंचवीसचा ६२५, बेरीज १५२५. त्यातून पंचेचाळीसचा वर्ग २०२५ वजा केला की उणे ५०० राहतात. त्याला दोन गुणिले तीस गुणिले पंचवीस, म्हणजे १५०० ने भागा. उणे एक-तृतीयांश. हा ज्या कोनाचा कोसाइन तो कोपराचा कोन, साधारण १०९ अंश. ‘हे पुढे आयुष्यात कुठे लागते?’ म्हणून कनिष्ठ महाविद्यालयात नाक मुरडले जाते ते कोसाइनचे सूत्र ते हेच. अंतर ५५ पेक्षा जास्त असेल तर त्रिकोणच होत नाही, म्हणजे बाईने एक पाऊल पुढे यायला हवे. एक गोष्ट मात्र सूत्र सांगत नाही: कोपर खाली लोंबते ठेवायचे की बाहेर काढायचे. ते घडविणाऱ्याने सांगावे लागते, आणि थकलेली बाई व तावातावाने भांडणारी बाई ह्यांतला फरक पुष्कळदा तेवढाच असतो.

सांधा वाकला की कातडीचे काय होते? प्रत्येक बिंदूची हाडांमध्ये भागीदारी लावलेली असते. दंडाच्या मध्यावरचा बिंदू शंभर टक्के दंडाचा. कोपरापाशी असलेला साठ टक्के दंडाचा, चाळीस टक्के पुढच्या हाताचा. त्या प्रमाणात तो दोघांबरोबर सरकतो. ही पद्धत सोपी आहे आणि जलदही आहे, पण ती केवळ सरासरी काढते. मनगट फार पिळले तर हात चॉकलेटच्या कागदासारखा मधे आवळतो. गुडघा फार वाकला तर पोटरी मांडीत घुसते, कारण दोन मांसल भाग एकमेकांवर दाबले जाऊन चपटे होतात हे सरासरीला ठाऊक नाही.

इथे आमच्या देखाव्याचे खरे काम सुरू झाले. अशा प्रोग्रॅममध्ये मूर्ती जन्मते ती ताठ उभी, दोन्ही हात बाजूला पसरून. भागीदारी लावली जाते ती त्या अवस्थेत. तिथून जितके दूर जावे तितकी कातडी बिघडत जाते. चालणे, धावणे, तलवार उगारणे, खुर्चीवर बसणे, इथवर बहुतेक मूर्ती नीट राहतात, कारण करणाऱ्यांनी तेवढे तपासून पाहिलेले असते. खुर्चीवर बसताना गुडघा साधारण ९० अंशांत वाकतो. आपली आजी उकिडवी बसते तेव्हा तो १३० अंशांच्याही पुढे जातो. मांडी घालताना तर मांडीचे हाड खुब्यातून बाहेर वळते, गुडघे जमिनीकडे जातात आणि पावले विरुद्ध मांडीखाली येतात. तयार मिळणाऱ्या एका मूर्तीला मुलांनी मांडी घालायला लावली तेव्हा तिच्या जांघेत कागद चुरगळावा तशी कातडी चुरगळली. मूर्ती वाईट नव्हती. तिला घडविणारा माणूस जमिनीवर बसत नव्हता, एवढेच.

विमानाच्या आसनावरचा तो वैमानिक आठवा. कोणी मुद्दाम कोणाला वगळले, असे आमचे म्हणणे नाही. जो प्रोग्रॅम लिहितो तो आपल्या घरातली माणसे डोळ्यांपुढे ठेवतो. आपल्या घरातली माणसे तिथे नसतील तर ती यादीत येत नाहीत, आणि मग पडद्यावर त्यांचे बसणे हा ‘दोष’ ठरतो. भगवान बुद्धांची ध्यानस्थ मूर्ती कमीत कमी सतराशे-अठराशे वर्षे शिल्पकार दगडात घडवीत आले. छिन्नी धरणाऱ्याला पद्मासन अवघड गेले नाही, कारण तसे बसलेले लोक तो रोज पाहत होता. संगणकाला मात्र ते अजून वेगळे शिकवावे लागते.

शिकविता येते, हे महत्त्वाचे. त्याची रीत अशी. गुडघा १०० अंशांपर्यंत वाकेल तोवर सरासरी चालू द्यायची. त्यापुढे, दुरुस्त केलेल्या पायाचे आकडे हळूहळू मिसळत जायचे, जसा जाडीचा स्लायडर मिसळतो तसे. फक्त हा स्लायडर हाताने न सरकवता गुडघ्याचा कोनच त्याला सरकवतो. दुरुस्त पाय कसा दिसावा हे कळण्यासाठी विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी फोटो काढले, बाजूने, समोरून, मागून. कोणाची आजी, कोणाचे वडील, कोणाची धाकटी बहीण. पोटरी दाबली गेली की बाजूला किती फुगते, टाचा टेकतात की उचलतात, तोल राखायला धड किती पुढे येते, हे त्या फोटोंवर कोनमापक ठेवून पाहिले. एका मुलीच्या लक्षात आले की तिची आजी भांडी घासताना दोन्ही गुडघे सारखे ठेवतच नाही. एक उभा असतो, दुसरा कललेला. ही नोंद आम्हांला कुठल्या प्रोग्रॅममध्ये सापडली नाही. आता आमच्या तक्त्यात ती आहे.

चेहऱ्यामोहऱ्याचेही असेच. ‘मेकह्यूमन’ नावाचा एक चांगला, फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. त्यात वय, वजन, उंची, स्नायू यांचे स्लायडर आहेत, आणि वंशाचे तीन: आफ्रिकी, आशियाई आणि कॉकेशियन. ते पाहून एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, ह्यातले आपण कोणते?’ आम्ही काय उत्तर देणार? तिन्ही थोडे थोडे सरकवून बघ म्हणालो. चेहरा बराचसा जमला. पण साऱ्या मनुष्यजातीचे तीन पट्ट्यांत वाटप कोणी आणि का केले, हा प्रश्न त्या मुलाने विचारला तो योग्यच होता. गणिताच्या दृष्टीने अशा पट्ट्यांची काहीच गरज नाही. नाकाची रुंदी, जबड्याची लांबी, डोळ्यांतील अंतर एवढे पुरते, आणि ते स्लायडरही त्यात आहेत. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की ह्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर उघडा आहे आणि त्यातून निघालेल्या मूर्तीवर कोणी हक्क सांगत नाही. ज्याला पटत नाही त्याने बदल करावा, त्याला मज्जाव नाही.

कपड्यांबद्दल थोडेच सांगतो. शर्ट-पँट सोपी, ती हाडांना चिकटून फिरते. सहावारी साडी अवघड, कारण निऱ्या दोन्ही पायांमध्ये मोकळ्या असतात आणि त्या कोणत्या पायाच्या, हे ठरवता येत नाही. नऊवारी त्यामानाने सोपी निघाली. कासोटा घातला की दोन पाय आपोआप वेगळे होतात. नळावरच्या देखाव्यातील आज्या म्हणूनच सुबक दिसतात आणि सुनांच्या साड्यांवर अजून काम चालू आहे.

पडद्यावर मूर्ती सुंदर दिसली म्हणजे ती छापली जाईलच असे नाही. १६८ सेंटिमीटर उंचीचा माणूस २८ मिलिमीटरचा केला तर प्रत्येक माप साठाव्या हिश्शाचे होते. १५ मिलिमीटर जाडीचे बोट पाव मिलिमीटर उरते. छापता येईल कदाचित, पण मूर्ती उचलतानाच तुटेल. बाबासाहेबांच्या पुतळ्याचे उगारलेले बोट किंवा बुद्धमूर्तीचा अभयमुद्रेतील हात घ्या. त्या बोटांतच साऱ्या मूर्तीचा अर्थ आहे, आणि तेच सर्वांत आधी मोडणार. म्हणून लहान मूर्तीत हात आणि डोके मुद्दाम मोठे करतात, बोटे दुप्पट-तिप्पट जाड करतात आणि शक्य तिथे बोटे एकमेकांना चिकटवतात. प्रमाण बिघडते, पण हातभर अंतरावरून पाहणाऱ्याला ते बरोबरच वाटते. काय जाड करायचे आणि काय जाऊ द्यायचे, हे कोणत्याही प्रोग्रॅमवर सोडू नये. आम्ही चष्म्याची काच सोडली, दांडी ठेवली.

छपाईला पाठवायची फाइल बहुधा ‘एसटीएल’ प्रकारची असते. थ्रीडी सिस्टिम्स या कंपनीसाठी हा प्रकार १९८७ साली तयार झाला. त्यात फक्त त्रिकोणांची यादी असते. आकडे मिलिमीटरचे की इंचाचे, हे लिहिलेलेच नसते. रक्कम लिहायची पण रुपये की डॉलर ते लिहायचे नाही, असा हा प्रकार. एका बाजूने मिलिमीटर धरले आणि दुसऱ्याने इंच, तर मूर्ती २५.४ पटीने मोठी होते, म्हणजे २८ मिलिमीटरची आजी सत्तर सेंटिमीटरच्या पुढे जाते. म्हणून छापणाऱ्याला अपेक्षित उंची नेहमी वेगळी लिहून कळवावी. शिवाय कातडीला कुठेही भोक असता कामा नये. आत कुठे आणि बाहेर कुठे, हे यंत्राला त्याखेरीज कळत नाही.

हे सारे आम्ही ज्या प्रोग्रॅमच्या आधारे केले त्याचे नाव ‘ब्लेंडर’, आणि त्याची हकीकत मंडळाच्या सभासदांनी ऐकण्यासारखी आहे. नेदरलँड्समधील टोन रोझेंडाल यांनी १९९४ च्या सुमारास आपल्या स्टुडिओच्या वापरासाठी तो लिहायला घेतला. १९९८ साली त्यासाठी वेगळी कंपनी काढली, गुंतवणूकदार आले, आणि २००२ साली ती कंपनी बुडाली. प्रोग्रॅम गुंतवणूकदारांच्या ताब्यात अडकला. त्यांनी सांगितले, एक लाख युरो द्या आणि मूळ मजकूर घेऊन जा. जुलै २००२ मध्ये रोझेंडाल यांनी वर्गणीचे आवाहन केले. जगभरच्या वापरणाऱ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे पाठविले आणि सात आठवड्यांत एक लाख युरो जमले. १३ ऑक्टोबर २००२ रोजी तो प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला झाला. वापरायला पैसे नाहीत, आत काय लिहिले आहे ते वाचायला मनाई नाही, बदलायला मनाई नाही. आपल्या ह्या वास्तूच्या विटा वर्गणीच्या आहेत, म्हणून ही गोष्ट कळायला आपणांस अवघड जाऊ नये. मार्च २०२५ मध्ये लॅटव्हियातील ‘फ्लो’ या चित्रपटाला उत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. तो ह्याच ब्लेंडरमध्ये तयार झालेला आहे. म्हणजे फुकटचे म्हणून ते हलके, असे कोणी समजू नये.

विद्यार्थ्यांना एक सूचना. तयार प्रोग्रॅममध्ये टोप्या आणि तलवारी निवडीत बसणे मनोरंजक आहे, आम्हीही ते करतो. परंतु निवड ही दुसऱ्याने मांडलेल्या यादीतूनच होते. ब्लेंडरला पायथॉन भाषेत आज्ञा देता येतात, आणि ती भाषा शिकायला विज्ञान शाखाच हवी असे नाही. आमच्या गटात सर्वांत नेटका तक्ता करणारी मुलगी कला शाखेची आहे, आणि भागीदारीचे आकडे ज्याला चटकन समजले तो वाणिज्यचा.

सध्या काम कुठवर आले तेही सांगतो. तीसपैकी एकोणीस मूर्ती छापून झाल्या आहेत. त्या मागच्या टेबलावर मांडल्या आहेत, जाताना पाहाव्यात, मात्र बोटांना धरून उचलू नयेत. सहावारी साडी राहिली आहे. कडेवर मूल घेतलेली बाई राहिली आहे. तिथे दोन सांगाडे एकमेकांना धरून असतात आणि एकाचा तोल दुसऱ्यावर जातो, त्याचा हिशेब अजून बसलेला नाही. ज्येष्ठ भगिनींपैकी ज्यांना शक्य आहे त्यांनी नातवंडाला कडेवर घेऊन फोटो काढू दिल्यास मोठी मदत होईल. रविवारी संध्याकाळी पाच वाजता अभ्यासिका उघडते. येणाऱ्या विद्यार्थ्यांनी वही, कोनमापक आणि घरातल्या कोणाचा तरी जमिनीवर बसलेला, बाजूने काढलेला फोटो घेऊन यावे.